ऑनलाइन अभ्यासक्रमात चित्रीकरण सगळ्यात शेवटी का येतं

विद्यापीठात एखादा विषय ऑनलाइन करायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती स्टुडिओच्या तारखांची. प्राध्यापकांकडे वर्षानुवर्षं शिकवून पक्क्या झालेल्या नोट्स असतात, पीपीटी तयार असते, मग अडतं कुठे असं सगळ्यांनाच वाटतं. आम्ही इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे अभ्यासक्रमाची आखणी करणारे, म्हणून या कामात बसतो तेव्हा आमचा आग्रह असतो की स्टुडिओचं नाव निदान चार महिने काढू नये. चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) अभ्यासक्रमाला सात-आठ महिने लागतात आणि त्यातलं प्रत्यक्ष चित्रीकरण तीन आठवड्यांत उरकतं. बाकीचा वेळ कशात जातो ते इथे एका विषयाच्या आधाराने सांगतो: वाणिज्य शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी मराठी माध्यमातलं प्राथमिक संख्याशास्त्र, १२ आठवडे.

चौकट आधीच ठरलेली असते. भारतात ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चार भाग, म्हणजे चार क्वाड्रंट धरतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. ‘स्वयम्’ हा केंद्र सरकारचा ऑनलाइन शिक्षणाचा मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला, तोही याच चौकटीवर. तिथल्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी मोकळी केली. तेव्हा एका सत्रातल्या २० टक्के अभ्यासक्रमांपर्यंत मुभा होती, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर गेली. चार भाग कागदावर सारखे दिसतात, पण पैसा आणि वेळ पहिला भागच खातो. चौथा भाग उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी घाईने भरतं. अभ्यासक्रम फसण्याचं सर्वांत मोठं कारण आम्हाला हेच दिसतं.

म्हणून सुरुवात तासांच्या हिशोबाने. एका श्रेयांकाला विद्यार्थ्याचे ३० तास धरले तर चार श्रेयांकांचे १२० आणि बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १० तास होतात. हे दहा तास विद्यार्थ्याचे आहेत, प्राध्यापकांच्या बोलण्याचे नाहीत. आमची साधारण वाटणी अशी असते: व्हिडिओ एक तास, वाचन दोन, सोडवलेली उदाहरणं पाहून स्वतः गणितं करणं तीन, चर्चेत लिहिणं-वाचणं एक, स्वाध्याय दोन आणि उजळणी एक तास. हा तक्ता पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिला की बोलण्याची दिशा बदलते. ‘दर आठवड्याला पाच व्याख्यानं तरी हवीत’ असं म्हणणारे सरही विचारू लागतात की या तीन तासांत मुलं नक्की करणार काय.

मग अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून विद्यार्थ्याला काय आलं पाहिजे त्याच्या ओळी. अभ्यास मंडळाने मंजूर केलेल्या आराखड्यात त्या असतातच, पण बहुतेक ‘विद्यार्थ्याला अपस्करणाची संकल्पना समजेल’ अशा घाटाच्या (अपस्करण म्हणजे आकड्यांचं पसरणं). समजलं हे कशावरून ओळखायचं, हे त्यातून कळत नाही. शिकण्याचे टप्पे मांडणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणाची २००१ ची सुधारित मांडणी आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशी क्रियांवर उभी आहे. ती समोर ठेवून आम्ही प्रत्येक निष्पत्तीला एकच प्रश्न लावतो: हे येतं अशा विद्यार्थ्याला काय करून दाखवता येईल? चर्चेअंती अपस्करणाची ओळ अशी झाली: ‘दोन बाजार समित्यांतल्या कांद्याच्या रोजच्या भावांवरून प्रमाण विचलन आणि विचरण गुणांक काढून कुठल्या बाजारात भाव जास्त अस्थिर आहे हे आकड्यांसह सांगतो.’ (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचं माप, विचरण गुणांक म्हणजे तेच सरासरीच्या टक्क्यांत.) लासलगाव आणि सोलापूरचे भाव शेतमालाच्या बाजारभावांचं सरकारी संकेतस्थळ असलेल्या अ‍ॅगमार्कनेटवर रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन आकड्यांत मिळतात, त्यामुळे उदाहरण खरं राहतं. शिवाय ही ओळ लिहिली की स्वाध्याय जवळजवळ तयार झालेला असतो. बारा आठवड्यांसाठी अशा पंचवीस ते तीस ओळी पुरतात. त्याहून जास्त झाल्या तर दोन वेगळे अभ्यासक्रम एकात कोंबले जात आहेत असं समजावं.

यानंतरची पायरी कुठल्याही साच्यात लिहिलेली नसते, पण सगळ्या प्रक्रियेत आम्ही तिला सर्वाधिक किंमत देतो. प्राध्यापकांना विषय इतका अंगवळणी पडलेला असतो की मधल्या दोन-तीन पायऱ्या सांगायच्या असतात हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. वर्गात ते निभतं, कारण समोरच्या चेहऱ्यांवरून सर ओळखतात आणि मागे फिरतात. कॅमेऱ्यासमोर चेहरे नसतात. म्हणून आम्ही नोट्स मागण्याआधी मागच्या दोन-तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिका मागतो. नावं आणि बैठक क्रमांक झाकून, एका प्रश्नाची चाळीस-पन्नास उत्तरं ओळीने वाचायची आणि चुका वेगळ्या काढायच्या. प्राध्यापक शेजारी बसलेले असतात आणि प्रत्येक चुकीपाशी सांगतात की मुलाने इथे काय विचार केला असेल. हे ज्ञान त्यांच्या पीपीटीत कधीच नसतं. डिझायनरने त्या वेळी फक्त विचारायचं आणि लिहून घ्यायचं, विषय शिकवायला जायचं नाही. एका घटकाला दोन-अडीच तास लागतात, पण या चुकांच्या यादीतूनच पुढे व्हिडिओचे विषय, प्रश्नांचे चुकीचे पर्याय आणि उत्तरानंतरचा अभिप्राय निघतो.

ते कसं निघतं, हे एका प्रश्नावरून पाहू. पाच दिवसांचे भाव, रुपये प्रति क्विंटल: १२००, १३५०, ११००, १५००, १३५०. मध्य, म्हणजे सरासरी, १३००. त्यापासूनचे फरक, म्हणजे विचलनं, −१००, ५०, −२००, २०० आणि ५०. वर्गांची बेरीज ९५,०००. पाचने भागून वर्गमूळ काढलं की प्रमाण विचलन १३७.८४. बहुपर्यायी प्रश्नात याच्याशेजारी १३५, १४० आणि १४५ असे आकडे ठेवले तर चुकलेला विद्यार्थी कुठे चुकला हे कळतच नाही. उत्तरपत्रिकांतून आलेले पर्याय वेगळे असतात. १९,००० निवडणारा वर्गमूळ घ्यायला विसरला आहे. १२० निवडणाऱ्याने चिन्हं सोडून विचलनांची साधी सरासरी काढली आहे, म्हणजे त्याने मध्य विचलन काढलं. शून्य निवडणाऱ्याने चिन्हांसकट बेरीज केली. प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र अभिप्राय लिहायचा आणि तो ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असा नसावा. १२० च्या खाली लिहायचं: ‘तुम्ही ६०० ला ५ ने भागलंत. चिन्हं घालवण्याचा हा एक मार्ग आहे, पण प्रमाण विचलनात आपण वर्ग करून चिन्हं घालवतो. पाच वर्ग लिहून पाहा.’ असा एक प्रश्न पूर्ण व्हायला पाऊण तास जातो. घटकाला पंधरा प्रश्न म्हटलं तर किती दिवस लागतील याचा अंदाज यावा. प्राध्यापकांच्या मानधनाच्या करारात प्रश्ननिर्मितीचा वेळ वेगळा दाखवावा, हे आम्ही प्रशासनाला म्हणूनच आवर्जून सांगतो.

याच उदाहरणात एक खड्डा आहे. स्प्रेडशीटमध्ये प्रमाण विचलनाची दोन सूत्रं असतात. एक पाचने भागतं, दुसरं नमुन्यासाठी म्हणून चारने. दुसऱ्याने उत्तर येतं १५४.११. वाणिज्य शाखेच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत पहिली रीत शिकवतात, मुलं मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये दुसरं सूत्र लावतात, आणि संख्यात्मक प्रश्नात ±१ ची सूट ठेवली असली तरी बरोबर विचार करणाऱ्याला शून्य मिळतं. तेव्हा कुठली रीत धरली आहे हे प्रश्नातच लिहायचं, आणि १५४.११ या उत्तरालाही नोंदवून त्याचा अभिप्राय द्यायचा. दुसरा खड्डा खास आपल्या भाषेचा. मूडलसारख्या, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रणालीत उत्तर म्हणून ‘१३७.८४’ असं देवनागरी अंकांत टाइप केलं तर ती त्याला संख्या मानत नाही. मराठी कीबोर्ड वापरणारा विद्यार्थी इथे हमखास अडकतो. उत्तराच्या चौकटीवर ‘उत्तर इंग्रजी अंकांत लिहा’ ही ओळ मोठ्या अक्षरांत हवी, आणि पहिल्या आठवड्यात गुण नसलेला एक सरावप्रश्न फक्त यासाठी ठेवावा.

प्रश्न आणि स्वाध्याय हातात आले की व्हिडिओकडे वळायचं. महाविद्यालयातला तास ४८ मिनिटांचा, त्यामुळे प्राध्यापकांच्या बोलण्याला त्याच लांबीची सवय असते. ते ४८ मिनिटं रेकॉर्ड करून सात तुकडे करणं हा सोपा मार्ग वाटतो, पण तुकडे पाडल्याने व्हिडिओ छोटा होतो, स्वतंत्र होत नाही. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख पाहण्याच्या सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मध्यम प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, आणि वर्गातलं व्याख्यान कापून केलेले व्हिडिओ मुळातून योजलेल्या छोट्या व्हिडिओंपेक्षा कमी धरून ठेवतात, असं त्यात दिसलं. आमची मर्यादा सात मिनिटांची. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्यायचा: ‘विचलनांचे वर्ग का करतात?’ हा एक, ‘नमुना असेल तर एक कमी करून का भागतात?’ हा दुसरा. चुकांच्या यादीत नसलेल्या गोष्टीसाठी शक्यतो व्हिडिओ करायचाच नाही, ती वाचनसाहित्यात जाते.

आयआयटी मुंबईतल्या शैक्षणिक तंत्रज्ञान गटाने विद्यार्थिकेंद्री मूकसाठी (सगळ्यांना खुल्या मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी) जी रचना मांडली, तिच्यात व्हिडिओच्या मध्येच थांबा घेऊन विद्यार्थ्याला काही करायला लावण्यावर भर आहे. ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ असं त्या थांब्याचं नाव. आम्ही तो प्रत्येक व्हिडिओत तिसऱ्या-चौथ्या मिनिटाच्या आसपास घेतो. पडद्यावर दोन बाजारांचे आकडे येतात, सर म्हणतात, ‘इथे व्हिडिओ थांबवा, कुठला बाजार जास्त अस्थिर वाटतो ते वहीत लिहा, मगच पुढे चला.’ एच५पी हे व्हिडिओत प्रश्न घालायचं साधन वापरलं तर व्हिडिओ आपोआप थांबतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. मात्र ही सक्ती प्रत्येक वेळी लावू नये. उजळणीसाठी परत आलेल्या विद्यार्थ्याला ती छळते.

संहिता कोण लिहिणार यावरून ताण येतो. पहिला मसुदा प्राध्यापकांनी बोलावा आणि डिझायनरने उतरवून बांधावा, ही पद्धत आम्हाला सर्वांत मानवली आहे. प्राध्यापक लिहायला बसले की पाठ्यपुस्तकाची भाषा येते, डिझायनरने एकट्याने लिहिलं तर विषयाचा नेमकेपणा जातो. मराठीत आकडे वाचत समजावून सांगायचं तर मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द होतात, म्हणजे सात मिनिटांना सातशे-साडेसातशे. स्टोरीबोर्डला, म्हणजे व्हिडिओच्या दृश्यवार आराखड्याला, पाच रकाने ठेवतो: क्रमांक, बोललं जाणारं, पडद्यावर दिसणारं, कुठल्या शब्दापाशी काय बदलतं, आणि चित्राचा स्रोत व परवाना. चौथा रकाना रिकामा राहिला तर संपादक स्वतःच्या अंदाजाने सूत्र पडद्यावर आणतो आणि ते बोलण्याच्या दहा सेकंद आधी झळकतं. दोन-तीन प्राध्यापक मिळून लिहीत असतील तर पारिभाषिक शब्दांचा एक तक्ता पहिल्या आठवड्यात भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांवरून पक्का करावा. मध्य, माध्य आणि सरासरी असे तीन शब्द तीन आठवड्यांत आले की मुलांना त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

पाचव्या रकान्याविषयी थोडं सविस्तर, कारण इथे विद्यापीठं कायदेशीर अडचणीत येऊ शकतात. वर्गात शिकवताना शिक्षकाला प्रताधिकार कायद्यात जी सवलत आहे, ती सगळ्यांना खुल्या असलेल्या व्हिडिओला तशीच लागू होईल असं गृहीत धरू नये. संख्याशास्त्रात वर्तमानपत्रातले आलेख उचलण्याचा मोह असतो. ते आम्ही मूळ आकड्यांवरून नव्याने काढतो. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न जास्त तीव्र होतो. भारतात प्रताधिकार लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. केशवसुत १९०५ मध्ये आणि बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कविता पूर्ण देता येतात. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१७ पासून मुक्त आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या कवितेसाठी लेखी परवानगी हवीच. परवानगीचं पत्र पाठवल्यापासून उत्तर यायला महिने लागू शकतात. पत्रं संहिता पूर्ण होण्याची वाट न पाहता, आराखडा ठरला त्याच आठवड्यात रवाना करावीत.

जुन्या नोट्सचा आणखी एक त्रास म्हणजे फॉन्ट. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असतं. ते प्रणालीत चिकटवलं की कचरा दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, जोडाक्षरं, ‘ऱ्या’ आणि कंसातले इंग्रजी शब्द त्यांत बिघडतात, सूत्रं तर पूर्णच. रूपांतरानंतर ओळ न ओळ वाचणारा माणूस लागतो, आणि तो मराठी शुद्धलेखन जाणणारा हवा. सूत्रं चित्र म्हणून न टाकता लाटेक या सूत्रलेखनाच्या पद्धतीत लिहावीत. मोबाइलवर ती स्पष्ट राहतात आणि योग्य मांडणीत स्क्रीन रीडरलाही, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही, वाचता येतात.

चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा आहे. कॉलरचा माइक लावावा, पंखा आणि एसी बंद करावेत, आवाजाची पातळी शून्याला भिडू न देता −१२ ते −६ डेसिबलमध्ये ठेवावी. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवला की ट्यूबलाइटची लुकलुक येत नाही. बारीक चौकड्यांचा शर्ट पडद्यावर सळसळतो, जरीचा पदर दिव्याखाली चकाकतो, हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी नको. हे आदल्या दिवशी कळवावं. दिवसाला पाच-सहा व्हिडिओंच्या वर घेऊ नये, सहाव्यानंतर आवाज बसतो आणि बोलणं यंत्रवत होतं. नव्या प्राध्यापकांचा पहिला दिवस सवयीसाठीच धरावा.

पडद्यावरच्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५:१ इतका काँट्रास्ट लागतो. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतली ही अट आहे आणि पिवळ्यावर पांढरं लिहिणाऱ्या स्लाइड तिच्यात टिकत नाहीत. व्हिडिओखालचे मराठी मथळे (सबटायटल) यंत्राने तयार केले तर ‘विचरण’चं ‘विचारणं’ होऊ शकतं. पण संहिता तयार असल्याने तीच वेळेनुसार बसवायची, फारसं काम पडत नाही. आलेखाचं वर्णन मात्र प्राध्यापकांनीच लिहावं. ‘स्तंभालेख’ एवढं म्हणून दृष्टिहीन विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही. कुठला स्तंभ उंच, किती, आणि त्यातून काय दिसतं, हे दोन वाक्यांत यावं.

बांधणी पूर्ण झाली की सहा-सात विद्यार्थ्यांना पहिले दोन आठवडे त्यांच्याच मोबाइलवर करायला द्यावेत आणि शेजारी बसून गप्प राहावं. कुठे बोट थांबतं, कुठली सूचना दोनदा वाचली जाते, हे टिपायचं. बहुतेक अडचणी विषयाच्या नसतात: ‘सादर करा’ हे बटण पडद्याच्या खाली दडलेलं असतं, पीडीएफ दुसऱ्या खिडकीत उघडून परतीची वाट हरवते. व्हिडिओची हलकी आवृत्तीही इथेच तपासावी. सेकंदाला ५०० किलोबिटने सात मिनिटांचा व्हिडिओ साधारण २६ एमबी होतो. रोजच्या डेटा पॅकमध्ये तो बसतो आणि तालुक्याच्या गावातही अडखळत नाही.

अभ्यासक्रम चालू असताना चर्चेचा भाग सर्वांत आधी ओस पडतो, कारण विषय ‘प्रमाण विचलनाविषयी आपलं मत मांडा’ असा असतो. त्यावर कुणाचं काय मत असणार! ‘तुमच्या जवळच्या बाजार समितीतल्या कुठल्याही एका मालाचे मागच्या पाच दिवसांचे सर्वसाधारण भाव लिहा, प्रमाण विचलन काढा आणि वेगळ्या जिल्ह्यातल्या एका सहाध्यायाच्या आकड्याशी तुलना करा’ असं विचारलं की उत्तरं एकमेकांत गुंततात आणि नक्कल करणंही अवघड जातं. तीस-चाळीस विद्यार्थ्यांमागे एक साहाय्यक असावा आणि शंकेला दीड दिवसाच्या आत उत्तर जावं. स्वाध्यायांना सवड ठेवावी: आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाच्या १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत १२ पैकी सर्वोत्तम ८ स्वाध्याय धरतात, आणि नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यासाठी ती रीत फार न्याय्य आहे.

पहिली फेरी संपली की प्रश्नांची आकडेवारी प्राध्यापकांसोबत बसून पाहायची. मूडल प्रत्येक प्रश्नाचा सुलभता निर्देशांक (तो किती जणांना आला) आणि भेद निर्देशांक (चांगल्या आणि कच्च्या विद्यार्थ्यांतला फरक तो दाखवतो का) देतं. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी सोडवलेला प्रश्न सरावात चालतो, परीक्षेत उपयोगाचा नाही. भेद निर्देशांक ऋण आला, म्हणजे एकूण चांगले गुण मिळवणारेच त्या प्रश्नात चुकले, तर बहुधा उत्तरसूची चुकलेली असते किंवा शब्दरचना दुहेरी असते. आधी ते तपासावं. व्हिडिओमध्ये जिथे बरेच जण मागे जाऊन पुन्हा पाहतात, तिथे एक सोडवलेलं उदाहरण वाचनसाहित्यात घालतो, पुन्हा चित्रीकरण करत नाही. ते शक्य व्हावं म्हणून तारखा, परीक्षेचं वेळापत्रक, घटक क्रमांक, करांचे दर आणि चालू बाजारभाव यांतलं काहीही व्हिडिओत बोलायचं नाही, हा नियम संहितेच्या टप्प्यावरच पाळलेला असतो. ‘मागच्या आठवड्यात आपण पाहिलं’ हेसुद्धा नाही, कारण पुढच्या वर्षी अभ्यास मंडळाने घटकांचा क्रम बदलला तर तोच व्हिडिओ चौथ्याऐवजी सहाव्या आठवड्यात लावता यायला हवा.